बिटाच्या कालवणाबाबत खुलासा

आईच्या हातची चव माणूस मरेपर्यंत विसरत नाही, असं थोर थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांतल्या एकालाही ती चव पुन्हा करून दाखव असं कोणी सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या थोरपणाचं मुख्य कारण असावं. हेडक्लार्कांना ते सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार शाखेत केस पांढरे केले होते, आणि आयुष्यात स्वतःच्या हाताने चहा सोडून दुसरं काहीही उकळलं नव्हतं.

कारण अण्णा. अण्णा म्हणजे हेडक्लार्कांचे वडील. खुब्याचं ऑपरेशन करून घरी आले, ते जेवणावरची वासना दवाखान्यातच ठेवून आले. ताटासमोर बसायचे, दोन घास घ्यायचे आणि मग लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसं ताटाकडे बघत राहायचे. ओळख आहे, पण बोलायचं काय? दर शनिवारी डॉक्टरांच्या काट्यावर वजन खाली. शेवटी डॉक्टरांनी हेडक्लार्कांना बाहेर बोलावून सांगितलं की येत्या शनिवारपर्यंत वजन वाढलं नाही तर पुन्हा भरती करायचं आणि नाकातून नळी घालायची. बाहेर बोलावून सांगितलं खरं, पण दार उघडं होतं आणि अण्णांचे कान ऐंशीतही शाबूत होते. घरी जिना चढताना मधल्या वळणावर थांबून ते म्हणाले, "बाळ, नळी नको."

बाळ म्हणजे हेडक्लार्क.

घरी आल्यावर हेडक्लार्क आणि त्यांची बायको दोघांनी मिळून अण्णांना खोदून खोदून विचारलं, तुम्हाला खावंसं तरी काय वाटतं? अण्णांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, आई बिटाचं दाट कालवण करायची, ते असतं तर खाल्लं असतं. अण्णांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. बायको बँकेत कॅशियर होती आणि नको ती गोष्ट काउंटरच्या आत घ्यायची नाही, हे ती तिथे शिकली होती.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "ती चव मला जमणार नाही. आणि जमली नाही तर अण्णा मला काही बोलणार नाहीत, नुसतं बघतील. सत्तावीस वर्षं मी ते बघणं घेतलंय. ह्या वेळी तुम्ही घ्या."

म्हणून हेडक्लार्कांनी घेतलं. खात्यात अंगावर आलेलं काम ते जसं घेत, तसंच: उसासा टाकून, चष्मा पुसून आणि आधी माहिती मागवून. अण्णांच्या खाटेशी स्टूल ओढून त्यांनी कृती विचारली. बीट, बटाटे, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, मूठभर जव, कांदा, लसूण, शेवटी आंबट.

आंबट म्हणजे काय? आंबट. किती? आंबट होईल इतकं. किती वेळ शिजवायचं? माणसं परत येईपर्यंत. कुठून? शेतातून. माणसं शेतातून केव्हा परत यायची? ह्यावर अण्णांनी पोराच्या अकलेची कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "कालवण झालं की."

हेडक्लार्कांच्या एक लक्षात आलं की ह्या कालवणावर सोळा माणसं जेवत असत. आपण तिघंच आहोत, तेव्हा त्या हिशोबाने कमी करू, असं त्यांनी सुचवलं. अण्णा उशीवरून अर्धे उठले. कमी केलं की ते कालवण राहत नाही, औषध होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि औषध आपण पुष्कळ घेतलेलं आहे.

बातमी जिन्यातून खाली जायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू आधी आल्या. त्या म्हणाल्या, बीट सोलूनच घ्यायचं, नाहीतर कालवणाला मातीचा वास मारतो. त्या गेल्या आणि इमारतीचे सेक्रेटरी आले. ते विमा विकतात. ते म्हणाले, सोलण्याच्या भानगडीत पडू नका, कुकर लावा, पाच शिट्ट्या. मग आवाज खाली आणून विचारलं की अण्णांचा काही उतरवलेला आहे का. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर जिना चढू शकत नाहीत, म्हणून त्यांनी हेडक्लार्कांना खाली बोलावून घेतलं आणि बीट हे कंद नसून मूळ आहे, हा मुद्दा तिन्ही बाजूंनी समजावून दिला. ह्याचा कालवणाशी संबंध काय, हे हेडक्लार्कांनी विचारलं नाही. मास्तरांना प्रश्न विचारला की त्यांना हुरूप येतो. निरोप घेताना मात्र तिघांनीही तेच वाक्य म्हटलं: केलंत की वाटीभर पाठवा.

राहता राहिलं पातेलं. सोळा माणसांचं पातेलं घरात असण्याचे दिवस गेले. इमारतीच्या मालकीचं एक होतं, मीटरच्या खोलीत, कुलपात, आणि ते हवं असल्यास लेखी अर्ज करावा लागे. हेडक्लार्कांना नियमाचा कधी राग येत नसे. नियमाची भाषा ढिसाळ असली की मात्र डोकं उठे. त्यांनी मुद्देसूद अर्ज केला. सेक्रेटरींनी तो परत आणून दिला. 'कारण' ह्या रकान्यात हेडक्लार्कांनी 'कालवण' असं लिहिलं होतं, आणि असं कारण मंजूर करायला समितीला आधार नव्हता. पातेलं समारंभासाठी मिळतं. कालवण हा समारंभ नाही, असं हेडक्लार्कांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सेक्रेटरींनी तो प्रामाणिकपणा बाजूला सारून स्वतःच्या पेनाने 'कौटुंबिक समारंभ, रविवार दुपार' असं लिहिलं आणि समितीच्या दुसऱ्या सभासदाची सही घ्यायला पाठवून दिलं. तो सभासद मुलीकडे गेला होता. त्याची सही त्याच्या बायकोने केली, अगदी हुबेहूब. बरीच वर्षं करत असावी.

अर्जाची प्रत, पद्धतीप्रमाणे, जिन्याखालच्या सूचनाफळ्यावर लागली.

रविवारी सकाळी हेडक्लार्क कमरेला पंचा गुंडाळून ओट्यापाशी उभे राहिले. काकूंच्या सल्ल्याप्रमाणे सोललं, आणि मग अण्णांनी दारात खुर्ची मांडून सांगितलं की आई कधी सोलत नसे. तोवर वेळ गेली होती. सोललेलं बीट वाहतं, हे हेडक्लार्कांना कोणी सांगितलं नव्हतं. ओटा लाल झाला, पंचा लाल झाला, मागची फरशी लाल झाली, फ्रिजच्या दारावर एक अख्खा पंजा उमटला. निम्मं बीट किसून घालायचं, हे अण्णांना ऐन वेळी आठवलं, आणि त्या किसण्यात हेडक्लार्कांच्या उजव्या अंगठ्याचा पुढचा भागही थोडा कालवणात गेला. दाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे असतात, हे बायकोने सांगितलं, पण रविवारी सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही विचारलंच नाहीत. कॅशियर माणूस मागितल्याशिवाय काही देत नाही.

पातेलं दोन्ही शेगड्या व्यापून बसलं होतं. ते उकळायलाच दोन तास गेले. मध्ये मध्ये चव बघायचं काम अण्णांकडे होतं. चमचा पुढे गेला की ते ओठ लावत आणि निकाल देत.

"एवढं लाल नसायचं."

"मग कसं असायचं, अण्णा?"

"लाल असायचं. पण एवढं नाही."

दुपार झाली तशी इमारत जमली. फळ्यावर 'समारंभ' वाचलेला माणूस मळक्या कपड्यांत येत नाही. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फुलांचा गुच्छ घेऊन आले आणि त्यांनी अण्णांचं अभिनंदन केलं. कशाबद्दल, हे अण्णांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. समारंभात असं विचारत नाहीत. त्यांच्या मागोमाग काकू, त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं. मास्तरांनी डबा पाठवला होता, आणि त्याबरोबर निरोप की दाट द्यावं. हेडक्लार्क पंचाला हात पुसत वाढत होते. पंचाला पुसून हात जास्तच लाल होत होते.

आणि त्या गर्दीत, मांडीवर गुच्छ, हातात वाटी घेऊन अण्णा जेवू लागले.

कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, म्हणून असेल. किंवा सगळे पचापचा खात होते, म्हणून. एक वाटी संपली. त्यांनी पाव मोडून वाटी पुसून घेतली. हेडक्लार्क पळी तशीच धरून उभे राहिले.

"आईचं असं नव्हतं," अण्णा म्हणाले.

"मग कसं होतं?"

"तिच्या दाण्यांशी झटापट करावी लागत नसे." आणि वाटी पुढे केली.

हेडक्लार्क हात धुण्याच्या निमित्ताने न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ आत राहिले. हातांचा रंग निघाला नाही, पण निमित्त पुरलं.

गोष्ट इथे संपली असती तर थोर लोकांचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण रविवारनंतर सोमवार येतो.

सोमवारी सकाळी अण्णांनी आतून हाक मारली. "बाळ, इकडे ये. दार लाव." ऑपरेशन झाल्यापासून अण्णांना खाटेजवळ भांडं ठेवावं लागे. अण्णांनी बोट केलं. हेडक्लार्कांनी भांड्यात पाहिलं. आत लाल होतं. गुलाबी वगैरे म्हणून मनाची समजूत घालता येईल असं नाही, सरळ लाल.

ज्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत रंगले आहेत, त्याला काहीतरी सुचायला हवं होतं, असं नंतर सगळेच म्हणाले. म्हणणाऱ्यांचं काय जातं. बापाच्या भांड्यात लाल दिसलं की मुलगा बिटाचा विचार करत नाही.

अण्णा शांत होते. त्यांनी चहा परत पाठवला. आता नळीसुद्धा लागायची नाही, म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून, मनगटावरचं घड्याळ कोणाला द्यायचं ते सांगितलं. घड्याळ गेली सहा वर्षं बंद होतं, पण ती बोलायची वेळ नव्हती. बायको दाराशी उभी होती. एरवी अशा वेळी तिच्याकडे दोन सूचना तयार असतात. आज एकही नाही. तिच्या गप्प बसण्याला स्वतःचं एक कारण होतं, पण ते दुपारपर्यंत कळायचं नव्हतं.

डॉक्टर संध्याकाळी येतात, असं दवाखान्यातून कळलं. हेडक्लार्क अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला कचेरीत गेले. दारातच अंगठ्याचं यंत्र आहे. हेडक्लार्कांनी अंगठा टेकवला. यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही. अंगठ्याच्या ज्या भागावर खात्याची ओळख होती, तो भाग काल इमारतीने खाल्ला होता. साहेबांनी सहानुभूतीने सगळं ऐकलं आणि अडचण सांगितली: अर्धी रजा ही हजर असलेल्या माणसाला देता येते, हेडक्लार्क आज हजर नाहीत. मग मी घरी जातो, हेडक्लार्क म्हणाले. जाता येणार नाही, साहेब म्हणाले, कारण तुम्ही समोर दिसताय.

तेव्हा सरकारदरबारी गैरहजर असलेले हेडक्लार्क आपल्या टेबलावर जाऊन बसले आणि तक्रारींचा फोन वाजू लागला.

पहिला आवाज प्रत्येक अक्षर सुटं करून बोलत होता. मास्तरच ते. पण फोनवर ओळख दाखवायची नाही, असा खात्याचा दंडक आहे, आणि मास्तरही आपण कुणी तिऱ्हाईत आहोत अशाच बेताने बोलत होते. पाण्यात दोष आहे, म्हणाले. हेडक्लार्कांनी विचारलं, रंग, वास की गाळ? तिकडे थोडा विचार झाला. रंग.

"नळातून येतानाच रंगीत येतं का?"

"नाही. येताना स्वच्छ."

"मग रंग केव्हा दिसतो?"

"नंतर."

"कशाच्या नंतर?"

"तुम्ही फक्त 'नंतर' असं लिहून घ्या," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

हेडक्लार्कांनी 'नंतर' असं लिहून घेतलं.

दुसरा फोन सेक्रेटरींचा. त्यांनी इमारतीतर्फे बोलतो असं म्हणून सुरुवात केली, मग घाईने दुरुस्ती केली की इमारतीतर्फे नव्हे, स्वतःपुरतं बोलतो. रंगाचा प्रश्न आहे, पण तो व्यक्तिगत स्वरूपाचा आहे. व्यक्तिगत स्वरूपाचा रंग नोंदवायला जागा नाही, असं हेडक्लार्कांनी सांगितलं. मग सर्वसाधारण लिहा, सेक्रेटरी म्हणाले. आवाज एरवी विमा विकताना असतो त्याच्या निम्मा होता.

तिसऱ्या समोरच्या काकू. "अय्या, तुम्हीच आहात का? तिथे दुसऱ्या कोणी बाई नाहीत का?" नव्हत्या. काकू म्हणाल्या, मग राहू दे. मग म्हणाल्या, पण पाणी मात्र बंद करा, ते चांगलं नाही. का चांगलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. विचारणारा पुरुष होता आणि समोर राहणारा होता.

इथे सुशिक्षित माणसांबद्दल एक शब्द बोलायला हवा. ही माणसं देशाच्या कारभाराबद्दल, दुसऱ्याच्या पगाराबद्दल, शेजारच्या मुलीच्या लग्नाबद्दल जिन्यात उभं राहून तासन्‌तास बोलतात. पण सकाळी न्हाणीघरात काय दिसलं, हे ती मरण आलं तरी शेजाऱ्याला सांगत नाहीत. शेजाऱ्याला काय, नवऱ्यालाही नाही. प्रत्येकाने कडी लावून पाहिलं, प्रत्येकजण हबकला, प्रत्येकाने चेहरा नीट करून दार उघडलं आणि दोष पाण्यावर ढकलला, कारण पाण्याबद्दल बोलायला लाज वाटत नाही.

आता खात्याचं एक परिपत्रक आहे. एका इमारतीतून एका दिवसात रंगाच्या तीन तक्रारी आल्या, तर त्या इमारतीचा पुरवठा तपासणी पुरी होईपर्यंत बंद. मजकूर हेडक्लार्कांचाच, आणि त्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करायला जागा नाही अशी त्याची ख्याती. तिसरी तक्रार त्यांनी सवयीने नोंदवली आणि बटण दाबलं. आदेश सुटला. व्हॉल्व्हवाला सायकल काढून निघालाही. मग हेडक्लार्क चष्मा पुसायला लागले आणि पुसता पुसता त्यांना आपले हात दिसले.

मास्तरांचा डबा. सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट. काकू, दोन वाट्या.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, ते बीट आहे. अण्णांचं ते... ते बीट आहे."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझंही?" बायको म्हणाली.

"तुझंही काय?"

"काही नाही." आणि मग ती हसते आहे की रडते आहे, हे बराच वेळ ठरवता येईना. सकाळपासून ती स्वतःचं लाल मनात दाबून सासऱ्याच्या लालची काळजी करत बसली होती. बँकेतून रजा टाकली होती. तिला कोणी हजर आहेस का असं विचारलं नव्हतं.

जीव भांड्यात पडला, पण पाणी बंद झालं होतं. हेडक्लार्क साहेबांकडे गेले आणि म्हणाले, पुरवठा सुरू करावा, दोष पाण्यात नाही, बिटात आहे. साहेबांनी तिन्ही तक्रारी शांतपणे वाचल्या. "कुठाय बीट?" ते म्हणाले. "फायलीत बीट कुठे आहे? इथे नुसतं 'नंतर' आहे." परिपत्रकाप्रमाणे दोन गोष्टी हव्या होत्या: नमुन्याची तपासणी आणि तक्रारदारांच्या समाधानाच्या सह्या. हेडक्लार्कांना हे माहीत होतं. सह्यांची अट त्यांनीच आग्रहाने घातली होती, नाहीतर कर्मचारी परस्पर तक्रारी मिटवतात म्हणून.

घरी पोचले तेव्हा अण्णा अजून भिंतीकडे तोंड करून होते. सुनेने दोनदा सांगितलं होतं. त्यांना पटलेलं नव्हतं. माझ्या आईच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, असं कधी झालं नाही, एवढंच ते म्हणत होते.

हेडक्लार्क खाटेवर बसले. फार दमले होते. "अण्णा," ते म्हणाले, "तुमच्या आईच्या वेळी तुम्ही कुठे जायचा?"

"शेतात."

"केव्हा?"

"पहाटे. अंधारात."

"मग दिसणार कसं?"

अण्णा हळूहळू कुशीवर वळले. त्यांनी ह्या मुद्द्याचा सर्व बाजूंनी विचार केला. मग त्यांचे खांदे हलू लागले. हेडक्लार्क घाबरून उठले, पण ते हसू होतं, खुब्याला सांभाळून बाहेर येत होतं. सगळं गाव, अण्णा म्हणाले. सगळं गाव लाल असणार. आणि डोळे पुसून विचारलं, "उरलंय का थोडं?"

उरलं नव्हतं. पातेलं परत करून झालं होतं, आणि नळाला पाणी नव्हतं.

शेजारच्या इमारतीतून बादल्या आणून हेडक्लार्कांनी त्या संध्याकाळी पुन्हा बीट चढवलं, ह्या वेळी घरच्या पातेल्यात, अण्णांपुरतं. कमी केलेलं कालवण औषध होतं, ह्या मुद्द्यावर अण्णांनी सवलत दिली. दाणे राहू दे, म्हणाले. जिन्यात बादल्यांबरोबर इमारतीतली बाकीची माणसंही चढत-उतरत होती आणि पाणीपुरवठा खात्याला शिव्या देत होती. हेडक्लार्क त्यांना वाट देत होते.

मग ते सह्यांसाठी निघाले. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली. रंगाबद्दल आपण काही बोललोच नाही, म्हणाले; आपण फक्त 'नंतर' म्हणालो होतो. सेक्रेटरींनी दार उघडलं, हेडक्लार्कांचे हात पाहिले, आणि त्यांना एकदम एक महत्त्वाचा फोन करायचं आठवलं. काकूंनी दार पूर्ण उघडलंच नाही. "कसलं लाल? मी काही लाल बिल म्हटलं नाही," त्या फटीतून म्हणाल्या. "कालवण छान होतं. दाणे सोडले तर." सही कशाची करायची, हा प्रश्न होता. जे झालंच नाही, ते बरं झालं असं लिहून कोण देणार?

हेडक्लार्क घरी आले, हात धुतले, ते तसेच राहिले, आणि त्यांनी खात्यातली सगळी वर्षं पणाला लावून एक मजकूर तयार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळ्यावर लागला.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवारी वाटप झालेल्या पदार्थाच्या सेवनानंतर काही व्यक्तींच्या बाबतीत जो तात्पुरता रंगबदल संभवतो, तो सदर पदार्थातील बिटामुळे असून, त्याचा पाणीपुरवठ्याशी अथवा प्रकृतीशी कोणताही संबंध नाही. ज्यांच्या बाबतीत असा बदल झाला नसेल, त्यांनी ह्या खुलाशाकडे दुर्लक्ष करावे. वाचल्याबद्दल खाली सही करावी.'

शेवटचं वाक्य हा मजकुराचा प्राण होता. कोणाला काही कबूल करायचं नव्हतं, फक्त वाचल्याची सही करायची होती. दिवसभर फळ्यापाशी कोणी थांबलेलं दिसलं नाही. जो तो पेपर आणायला, चप्पल शोधायला, पत्रांची पेटी बघायला म्हणून खाली येत होता. संध्याकाळी पाहिलं तर सगळ्या सह्या झाल्या होत्या. वरच्या मजल्यावरची एक सही तर अशा घराची होती, ज्यांना वाटी पोचलीच नव्हती. मुलीकडे गेलेल्या सभासदाचीही सही होती, हुबेहूब.

पाण्याचा नमुना स्वच्छ निघाला होता, राहिला होता तो हा कागद; साहेबांनी तो उजेडात धरून वाचला. समाधान आणि वाचन ह्यांत फरक आहे, म्हणाले. मग त्यांनी हेडक्लार्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो फरक फार नाही असं ठरवलं. पाणी सुटलं. पहिल्या दोन बादल्या व्हॉल्व्ह उघडल्यामुळे गंजाच्या आल्या, तांबड्या, पण त्याबद्दल इमारतीतून एकही तक्रार आली नाही.

त्यानंतर शनिवारपर्यंत हेडक्लार्क रोज पहाटे उठून बीट उकडत, भरडत, आंबट होईल इतकं आंबट घालत, अण्णांच्या खाटेशी वाटी ठेवून कचेरीत जात, दारातल्या यंत्राशी झगडत, आणि संध्याकाळी बाजारातून पिशवी घेऊन परत येत. सेक्रेटरी जिन्यात भेटले की फक्त हवेबद्दल बोलत. मास्तरांनी डबा घासून परत पाठवला, रिकामा. अण्णा मात्र वाटी पुसून खात. आईचं असं नव्हतं, हे रोज म्हणत, आणि काल होतं त्याच्यापेक्षा आज थोडं जवळ आहे, हेही म्हणत. जेवून झालं की खाटेखालच्या भांड्याकडे एकदा बघत आणि आपल्याशीच हसत.

शनिवारी डॉक्टरांकडे गेले. अण्णा काट्यावर चढले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. हेडक्लार्कांनी भिंतीला धरलं. काटा हलला, थरथरला, स्थिरावला. वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं, आणि खाली येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नळीचं काही कारण दिसत नाही, चाललंय ते चालू द्या. अण्णांनी डोळे उघडले आणि पोराकडे न बघता त्याचा हात धरला. उतरायला आधार म्हणून असेल.

डॉक्टरांनी मग हेडक्लार्कांकडे पाहिलं. तुम्हाला काय झालंय, म्हणाले. खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ काढायला लावली, काट्यावर उभं केलं. वजन बरंच उतरलं होतं. रक्तही कमी वाटतंय, म्हणाले. खाता काय तुम्ही? बीट खाता का?

हेडक्लार्क आठवू लागले. रविवारी इमारतीने पातेलं पुसून नेलं होतं. नंतरचं होत होतं ते अण्णांपुरतं, आणि चव बघायचं काम अण्णांचंच होतं.

"नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: बीट, रोज, एक महिना.